मामा कॉफी प्यायला येतात

जमलं तर पूर्वेकडे तोंड करून बसा. पहाट असेल तर उत्तमच, नसली तरी चालेल. फोन थोडा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा. आज आपण ज्या लोकांच्या कवितेपाशी बसणार आहोत, त्यांच्या घराचं दार पूर्वेलाच असतं. लाकूड आणि मातीचं ते गोलसर घर, होगान. उजाडताना पहिला प्रकाश दारातून थेट आत यावा आणि घरातल्यांनी उठून त्याला सामोरं जावं, म्हणून दार तिकडे. आत पाऊल टाकलं की डावीकडून, सूर्याच्या वाटेनं फिरत आपल्या जागी जायचं. मनानं तसे आत या. जागा धरा. घाई नाही.

हे लोक अमेरिकेतले नवाहो. ते स्वतःला दिने म्हणवतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून त्यांचा आजचा प्रदेश, नवाहो राष्ट्र, पसरला आहे, सुमारे ७१ हजार चौरस किलोमीटर. लांबच लांब कोरडी जमीन, मधूनच उठलेले तांबडे खडक, मेंढरं, मक्याची शेतं. पुष्कळ घरांपर्यंत आजही नळ पोचलेला नाही, पाणी पिंपांत भरून गाडीतून आणावं लागतं. आणि या सगळ्याला चार दिशांना चार पवित्र पर्वत. पूर्वेचा पांढऱ्या रंगाचा, दक्षिणेचा निळ्या, पश्चिमेचा पिवळ्या, उत्तरेचा काळ्या. त्या चौघांच्या आत आहोत तोवर आपण घरात आहोत, अशी दिने माणसाची भावना. हे चार रंग लक्षात राहू द्या, पुढे लागतील.

सुरू करण्याआधी एक विनंती. वाचताना ‘अरे, हे तर आपल्याकडेही असंच’ असं मनात येईल. एकदा नाही, बऱ्याचदा येईल. तो विचार आला तर येऊ द्या, पण त्याच्या मागे जाऊ नका. आपण पाहुणे आहोत. घरच्यांचं बोलणं चाललेलं असताना पाहुण्यानं आपली गोष्ट मध्येच सुरू करायची नसते.

आता मनातल्या मनात स्वतःची ओळख करून द्या. नाव सांगा आणि थांबा. नावानंतर ओठांवर काय येतंय ते नीट ऐका. शिक्षण येईल, नोकरी येईल, पद येईल, कदाचित गाव येईल. ते सगळं हलकेच बाजूला ठेवा.

दिने माणूस नावानंतर चार कुळं सांगतो. पहिलं आईचं, कारण मूल आईच्या कुळातलं असतं. दुसरं वडिलांचं. तिसरं आईच्या वडिलांचं आणि चौथं वडिलांच्या वडिलांचं. कुळांची नावं पाण्यामातीतून आलेली: कडू पाण्याचं कूळ, खाऱ्या पाण्याचं, चिखलाचं, उंच घराचं. सभेत कुणी उभं राहून ही चार नावं उच्चारली की ऐकणारे मनात नाती जुळवू लागतात. बोलणारीचं आणि माझ्या आईचं कूळ एकच निघालं तर आजवर कधी न भेटलेली ती बाई माझी बहीण होते, किंवा वयानं मोठी असेल तर आई. त्या घटकेपासून हाक बदलते आणि हाकेबरोबर कर्तव्यंही येतात. एकाच कुळातल्या दोघांचं लग्न होत नाही, प्रवासात परक्या गावी गेलेल्याला जेवायला घालणारं घर मिळतं, भांडणात कुणी मध्ये पडायचं हे ठरतं. या सगळ्या गुंफणीला दिने भाषेत ‘के’ म्हणतात.

तुमची चार माणसं कोण? आई, वडील, आईचे वडील, वडिलांचे वडील. एकेकाला समोर आणा. चेहरा आठवत नसेल तर नाव घ्या, नावही ठाऊक नसेल तर रिकामी जागा तशीच राहू द्या. भरायची खटपट करू नका. एवढं केल्यावर मगच ‘मी’ म्हणून पाहा.

मला वाटतं, दिने कवितेची चाल समजायला ही एवढी तयारी पुरते. तिच्यातला ‘मी’ उशिरा येतो. आधी मामा येतात, मावशी येते, थोरली बहीण, मेंढरं, डोंगर, आणि त्या सगळ्यांनी जागा करून दिली की त्यांच्यातून बोलणारी पुढे सरकते. आधुनिक कविता वाचून आपल्याला एकट्या आवाजाची सवय झालेली असते. इथे एकटा आवाज शोधू गेलात तर कविता फार साधी वाटेल आणि हातातून निसटेल.

लूसी टापाहोन्सो यांची ‘हिल्स ब्रदर्स कॉफी’ ही कविता घेऊ. टापाहोन्सो १९५३ साली न्यू मेक्सिकोतल्या शिप्रॉकला जन्मल्या. गावाजवळ सपाट माळावर एक प्रचंड खडक एकटाच उभा आहे, दिने लोक त्याला पंख असलेला खडक म्हणतात. अकरा भावंडांचं शेतकरी घर, घरात दिने भाषा, इंग्रजी नंतर शिकलेली. पुढे त्या विद्यापीठात शिकल्या, कॅन्सस आणि ॲरिझोना इथल्या विद्यापीठांत शिकवू लागल्या, आणि २०१३ साली नवाहो राष्ट्रानं त्यांना आपल्या पहिल्या राजकवीचा मान दिला. आपल्या १९९३ सालच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्या सांगतात की ज्याला छान बोलता येतं तो माणूस त्यांच्याकडे श्रीमंत समजला जातो, आणि गोष्टी लक्षात ठेवून नीट सांगता येणं हे चांगल्या वळणाचं लक्षण मानतात.

तर कविता. सकाळची वेळ, आईचं स्वयंपाकघर. मामा आले आहेत. लहानखुरे गृहस्थ, इंग्रजी येत नाही, त्याच रस्त्यावर मैलभरावर राहतात. दुकानात निघालो होतो, वाटेत डोकावलो, असं सांगतात. त्यांची बहीण घरी नाही. आपण येतो तेव्हा ही नेमकी घराबाहेर कशी, याचं त्यांना नवल वाटतं. मग हसत म्हणतात, मला लांबून येताना बघून धावत गाडीत बसते आणि सुसाट पळून जाते की काय! आई गाडीत उडी मारून भरधाव निघाली आहे, या कल्पनेनं भाची आणि मामा दोघंही हसतात.

या हसण्यापाशी थांबा. जी घरात नाही, तिच्यावरून चाललेली ही थट्टा आहे. त्या थट्टेत ती हजर आहे. आपल्या जवळच्या माणसाच्या पाठीमागे आपण काय बोलतो, आणि ते बोलणं ऐकून त्याला घरी परतावंसं वाटेल का, एवढा एकच प्रश्न मनात धरा. उत्तर द्यायची सक्ती नाही.

भाची कॉफी ओतते. मामा तिच्यात साखर आणि दुधाची साय घालत राहतात, कॉफीचा रंग पार फिका होईपर्यंत. तेवढ्यात त्यांची नजर डब्यावर जाते. डब्यावर लांब झगा घातलेला एक माणूस पेला तोंडाला लावून उभा आहे. डब्यावरची अक्षरं मामांना वाचता येत नाहीत, पण त्या झगेवाल्याला ते ओळखतात. चर्चमधल्या माणसासारखा दिसणारा तो. हीच ती कॉफी, बाकीच्यांत दम नसतो, ही मात्र बरोबर काम करते, अशी त्यांची पसंती. भाची आणखी एक पेला भरते. दोघं तिच्या आईची वाट पाहत बसतात. आणि शेवटी भाची आपल्याला सांगते की म्हणून तीही सहसा तीच कॉफी विकत आणते.

एवढीच कविता. मी ती प्रथम वाचली तेव्हा शेवटच्या भागावरून पटकन पुढे गेले नाही, हे माझं भाग्य. कारण सगळं त्या शेवटात आहे. मोठी झालेली, विद्यापीठात शिकवणारी बाई दुकानातल्या फळीसमोर उभी आहे. तिथे कितीतरी डबे आहेत. तिचा हात झगेवाल्याकडे जातो. मामांनी तिला काही लिहून दिलेलं नाही, उपदेश केलेला नाही. एका सकाळी तिच्यासमोर बसून, मनापासून आवडीनं, ते कॉफी प्यायले होते.

तुमच्या स्वयंपाकघरातली एखादी वस्तू आठवा, जी तुम्ही कुणाचं तरी पाहून आणू लागलात. मिठाची जात, चहाची पुडी, आंघोळीचा साबण. कुणाचं पाहून? त्या माणसाला हे ठाऊक होतं का? दोन-चार श्वास त्यांच्यासोबत घ्या आणि पुन्हा मामांकडे या, कारण त्यांच्या कॉफीची गोष्ट अजून संपलेली नाही.

ही कॉफी दिने लोकांच्या घरात आली कुठून?

इथून पुढचं जड आहे. सावकाश वाचा.

१८६३ सालच्या उत्तरार्धात अमेरिकी सैन्यानं किट कार्सन या अधिकाऱ्याच्या हाताखाली दिने प्रदेशात मोहीम काढली. लढाया थोड्या झाल्या, जाळपोळ पुष्कळ झाली. उभा मका जाळला, होगान पेटवले, मेंढरं मारली, कॅन्यन द शे या दरीतल्या पीचच्या बागा तोडल्या. उपासमारीनं टेकीला आलेली माणसं हिवाळ्यात शरण येऊ लागली. मग १८६४ पासून त्यांना तांड्यातांड्यांनी पूर्वेकडे चालवत नेलं, ३०० मैलांहून जास्त, पेकोस नदीकाठच्या बोस्के रेदोंदो या छावणीत. चालताना मागे पडलेल्यांना, बाळंतपण जवळ आलेल्या बायांना गोळ्या घातल्याच्या आठवणी दिने घरांतून सांगितल्या जातात. रिओ ग्रांदे ओलांडताना माणसं बुडाली. छावणीत ८ हजारांहून जास्त लोक कोंडले गेले. नदीचं पाणी खारट, पिऊन पोट बिघडायचं. सरपण मिळेना. पेरलेला मका किडीनं खाल्ला. चार वर्षांत २ हजारांहून अधिक माणसं तिथे मेली. मेलेल्यांविषयी बोलणं दिने रीतीत टाळतात, त्यामुळे या वाटचालीचा विषय कित्येक घरांत वडीलधारे काढतच नसत.

टापाहोन्सो यांची ‘१८६४ मध्ये’ ही रचना याच विषयावरची आहे. ती कशी सुरू होते पाहा. आई मोटार चालवते आहे, मुली बरोबर आहेत, वाट त्या जुन्या छावणीच्या परिसरातून जाते. धाकटी झोपली आहे. आई थोरलीला एका दिने माणसाचं सांगते. विजेच्या तारांच्या कामासाठी तो त्या भागात गेला होता आणि रात्री त्याला रडण्याचे, कण्हण्याचे आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा काम सोडून तो घरी परतला. मग आईला तिची मावशी सांगायची ती गोष्ट आठवते. मावशी गोष्ट सुरू करताना आधी ऐकणाऱ्या मुलीला तिच्या पणजीशी जोडून देते: त्या बाईवर जे गुजरलं आणि ती जी तगली, त्यामुळे तू आज इथे आहेस. त्यानंतर मग सैन्य, जाळपोळ, चालणं, नदी.

हा क्रम मनात दोनदा घोळवा. आधी नातं, मग दुःख. इतिहासाच्या पुस्तकात हेच प्रसंग आपण वाचतो तेव्हा तारखा आधी येतात आणि मेलेली माणसं संख्या होऊन येतात. मीही वर तेच केलं, कारण वाचकाला आधी हकिकत कळायला हवी. मावशीपुढे मात्र एक लहान मुलगी बसलेली आहे. एवढं भयंकर तिला सांगायचं तर आधी तिला कुठेतरी घट्ट धरून ठेवायला हवं, हे मावशीला कळतं. पणजीचा हात तिच्या हातात दिला आहे, आता ती ऐकू शकेल. मूल घाबरेल म्हणून काहीच न सांगणारे आणि सगळं एकदम अंगावर ओतणारे, दोघांनीही या मावशीपाशी थोडा वेळ बसावं असं मला कळकळीनं वाटतं.

आणि ही रचना संपते कुठे? स्वयंपाकघरात. छावणीत शिधा म्हणून गव्हाचं पीठ मिळालं, कॉफी मिळाली. मक्यावर वाढलेल्या बायांना त्या पिठाचं काय करायचं ते आधी कळेना. हळूहळू त्या चरबीत तळलेली जाड रोटी करू लागल्या. कडक कॉफीची गोडी लागली. छिटाचे लांब घेरदार घागरे, मखमली पोलकी त्या शिवू लागल्या आणि मखमलीवर चांदीची नाणी टाचू लागल्या. आज जत्रेत दिने बाईला मखमली पोलक्यात, अंगावर चांदी चमकवत उभी पाहिली की कुणालाही ते परंपरेनं चालत आलेलं वाटावं. परंपराच आहे ती. तिचा एक टाका बंदिवासात घातलेला आहे.

म्हणजे मामांच्या पेल्यातली कॉफीही तिथूनच आलेली. दोन्ही रचना शेजारी ठेवल्या की सकाळचं ते हसणं आणखी खोल ऐकू येतं. जे कैद्यांना शिधा म्हणून मिळालं, त्याचं या लोकांनी पाहुणचारात रूपांतर केलं. याला विजय म्हणावं की नाही, मला ठरवता येत नाही, आणि परक्यानं ते ठरवूही नये. त्या तळलेल्या रोटीबद्दल खुद्द दिने लोकांतच दुमत आहे. कुणी ती प्रेमानं करतात, तर मधुमेह घरोघरी पाहिलेले कुणी म्हणतात की मक्याकडे, निळ्या मक्याच्या राखमिश्रित लापशीकडे परत जाऊ या. दोघांचंही ऐकावं. बंदिवासातून आलेला घास तोंडात घोळवताना त्याची चव एकपदरी कशी असेल?

इथे पुस्तक मिटल्यासारखं करा आणि काही वेळ नुसते बसून राहा. मन उदास झालं असेल तर होऊ द्या.

ते परत आले, हेही सांगायला हवं. १८६८ च्या मे महिन्यात अमेरिकी सैन्याचे जनरल शर्मन यांच्यापुढे बोलताना बार्बोन्सितो या पुढाऱ्यानं दुसऱ्या कुठल्याही प्रदेशात जायला ठाम नकार दिला आणि आपल्याच डोंगरांत परतण्याची मागणी लावून धरली. १ जून १८६८ रोजी करार झाला. त्याच महिन्यात लोक निघाले, जवळजवळ १० मैल लांबीची रांग. वाटेत दक्षिणेचा निळा पर्वत लांबून दिसला तेव्हा जमिनीशीच बोलावंसं वाटलं, असं मानुएलितो या पुढाऱ्यानं पुढे सांगून ठेवलं आहे. हाकलून दिलेल्या जमातीला स्वतःच्या मूळ भूमीवर परतू दिल्याची उदाहरणं अमेरिकेच्या इतिहासात फार थोडी आहेत. हे त्यांतलं एक.

पण त्या करारातच एक कलम होतं: ६ ते १६ वर्षांच्या मुलांना शाळेत घालायची सक्ती. त्यातून पुढे निवासी शाळा आल्या. मुलांचे केस कापले, नावं बदलली, दिने भाषेत बोललं की शिक्षा. १९५२ साली जन्मलेल्या लॉरा टोही यांचं १९९९ सालचं ‘नो पॅरोल टुडे’ हे पुस्तक या शाळांतलं आहे. त्याच्या सुरुवातीला त्यांनी एक पत्र लिहिलं आहे, ते जनरल रिचर्ड प्रॅट यांना. निवासी शाळांची ही पद्धत घालून देणारे हे अधिकारी १९२४ सालीच वारले होते. तरी पत्र लिहिलं. मेलेल्या अधिकाऱ्याला थेट संबोधून, आपल्या आजीपासून आपल्यापर्यंत काय झालं ते सांगणं, यात मला त्या मावशीचीच रीत दिसते. समोर कुणीतरी आहे असं धरल्याशिवाय हे लोक बोलत नाहीत.

टोही यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश देणाऱ्या दिने सैनिकांपैकी एक होते. १९४२ साली पहिल्या २९ तरुणांनी हा संकेत रचला तो त्याच भाषेत, जिच्यासाठी शाळेत मार मिळत होता. रणगाडा म्हणजे कासव. हातबॉम्ब म्हणजे बटाटा. विमानातून टाकायचा बॉम्ब म्हणजे अंडं. अमेरिका म्हणजे ‘आमची आई’. पॅसिफिकमधल्या बेटांवर गोळीबार चालू असताना वायरलेसवर ही अंगणातली, परसातली नावं जात होती आणि शत्रूला तो संकेत शेवटपर्यंत उलगडला नाही. १९६८ पर्यंत या सैनिकांना त्याबद्दल बोलायची परवानगी नव्हती. टोही यांनी पुढे, २०१२ साली, हयात असलेल्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून घेऊन पुस्तक केलं. २०१५ साली त्या नवाहो राष्ट्राच्या दुसऱ्या राजकवी झाल्या.

त्याच भाषेत, फक्त त्याच भाषेत कविता लिहिणारेही आहेत. रेक्स ली जिम यांचा १९८९ सालचा संग्रह पूर्णपणे दिने भाषेत आहे. ज्याला वाचता येईल त्यानं वाचावा. हेच जिम २०११ ते २०१५ या काळात नवाहो राष्ट्राचे उपाध्यक्ष होते. त्यांच्या कविता फार छोट्या असतात. मला त्या मुळातून वाचता येत नाहीत, आणि मला न कळणारी कविता जगात आहे, तिच्या लोकांसाठी ती पुरेशी आहे, हे माहीत असणं मला आवडतं.

तुम्हालाही न कळणाऱ्या गोष्टीशेजारी क्षणभर शांत बसता येतं का, पाहा. कारण आता मी एक गोष्ट सांगणार नाही.

दिने घरांत कोयोटीच्या गोष्टी सांगतात. कोयोटी म्हणजे कोल्ह्याच्या जातीचं तिथलं जनावर, लबाड, उतावळं, हावरट आणि कधी कधी थोर. आकाशातल्या ताऱ्यांशी त्याचा काय संबंध, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पण या गोष्टी सांगायच्या त्या हिवाळ्यातच. पहिलं दहिवर गोठल्यापासून वसंतातला पहिला गडगडाट होईपर्यंत. साप, अस्वलं बिळांत, गुहांत झोपलेली असतात, मेघगर्जना थांबलेली असते, रात्री मोठ्या असतात, शेतात काम नसतं. दोऱ्याचे बोटांवरचे खेळही तेव्हाच. हा लेख तुमच्या हातात कोणत्या ऋतूत पडेल हे मला ठाऊक नाही, म्हणून ती गोष्ट मी इथे लिहीत नाही. छापील पुस्तकांत ती सापडेल, बाराही महिने. तरी एखाद्या गोष्टीसाठी वाट पाहणं हा ती ऐकण्याचाच भाग आहे असं मानणारी माणसं पृथ्वीवर आहेत, तर त्यांच्या गोष्टीपुरतं आपणही तसं वागावं.

वाट पाहताना मन काय करतं ते न्याहाळा. ‘सांगून टाका ना’ म्हणून चुळबुळ करतं का? करू द्या. हिवाळा येतोच.

आता जन्माकडे येऊ. टापाहोन्सो यांच्या १९९७ सालच्या ‘ब्लू हॉर्सेस रश इन’ या संग्रहाचं नाव ज्या कवितेवरून आलं, ती नातीच्या जन्माची आहे. बाळ अजून पोटात आहे, त्याच्या हृदयाचे ठोके घरच्यांना ऐकू येतात आणि ते त्या आवाजाला ओळखतात: वाळवंटाच्या जमिनीवर घोडे दौडत आहेत. मग चारी दिशांनी घोडे येतात, पांढरे, निळे, पिवळे, काळे. सुरुवातीला लक्षात ठेवलेले रंग हेच. जन्मणारी मुलगी चार पर्वतांच्या मध्ये उतरते आहे आणि चारी दिशांनी तिच्या स्वागताला कुणीतरी येतं आहे. वडील, घरची माणसं भोवती आहेत. प्रसूतीच्या खोलीत एवढे घोडे मावले, ही किमया कवितेची.

बाळाची नाळ घराजवळ पुरतात, मेंढरांच्या कोंडवाड्यापाशी किंवा शेतात, म्हणजे ते कुठेही गेलं तरी परत येईल. आणि मग सगळे एका गोष्टीची वाट पाहतात: बाळाचं पहिलं खळखळून हसणं. साधारण तिसऱ्या महिन्यात ते येतं. ज्याच्यामुळे बाळ पहिल्यांदा हसेल, त्यानं सगळ्यांना जेवण द्यायचं. त्या जेवणात बाळाचा हात धरून प्रत्येक पाहुण्याला खडेमिठाचा एक खडा देतात, जेवणाचं ताट त्याच्याच हातून दिल्यासारखं पुढे करतात. अजून मान धड सावरत नाही, दात नाहीत, आणि त्याच्या हातून पहिलं काम करून घेतलं जातं ते देण्याचं, म्हणजे ते कधी कद्रू होणार नाही.

बाळाच्या मुठीतला तो मिठाचा खडा डोळ्यांसमोर आणा. खरखरीत, करडा, कोपऱ्यावर बाळाची लाळ लागलेला. तो घ्यायला तुम्ही रांगेत उभे आहात. आधी कुणीतरी त्याला हसवलं, हसल्याबद्दल सगळे जमले, आणि जमलेल्यांना ते मीठ देतं आहे. आपला तळहात पुढे करा. काही क्षण तसाच राहू द्या.

मग डोळे उघडा, पाणी प्या, फोन परत आणायला हरकत नाही.

जाता जाता दोन विनंत्या. टापाहोन्सो यांचं ‘सानी दहाताल’ हे १९९३ सालचं पुस्तक कुठून तरी मिळवा. बाया गात आहेत, असा त्या नावाचा अर्थ. त्यात कविता आणि गोष्टी एकत्र आहेत. कॉफीची कविता आणि १८६४ ची रचना, दोन्ही त्यातच सापडतील. ते मनात वाचू नका. घरातलं कुणीतरी ऐकत असताना मोठ्यानं वाचा, मग ऐकणारा भाजी निवडत असला तरी चालेल. टापाहोन्सो स्वतः वाचताना मध्येच गातात. त्यांच्या या रचना आवाजासाठीच आहेत.

दुसरी विनंती मराठी अनुवादकांना. या कवयित्रींना पत्र लिहा, रीतसर परवानगी घ्या आणि त्यांची पुस्तकं मराठीत आणा. मामा, भाची, मावशी, पणजी, आजोळ या सगळ्यांना आपल्याकडे हक्काचे शब्द आहेत, ते वापरा. कोयोटीच्या गोष्टी आणाल तर प्रकाशकाला सांगून पुस्तक डिसेंबरात काढा.